काट्यांतील पेरणी : मराठी ख्रिस्ती जीवनांतील प्रपंच आणि साधना

पेरणाऱ्याचा दृष्टांत मराठी शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाहीं. वाटेवर पडलेलें बीं पांखरें टिपतात, खडकाळ जागेवरचें उन्हानें करपतें, चांगल्या जमिनींतलें तीसपट, साठपट, शंभरपट पीक देतें. हें सारें त्याच्या नित्याच्या अनुभवांतलें आहे. परंतु मार्काच्या शुभवर्तमानांतील या दृष्टांतांत बियाण्याचा आणखी एक वांटा आहे, आणि तोच सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा आहे. तें बीं काट्यांमध्यें पडतें. तें उगवतें, वाढतें, हिरवेंगार दिसतें, मरत नाहीं. फक्त त्याला फळ येत नाहीं. हे काटे कोणते, हेंहि तेथेंच सांगितलें आहे : संसाराची चिंता, द्रव्याचा मोह आणि इतर गोष्टींचा लोभ.

या तिहींत चिंतेला पहिलें स्थान मिळावें ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. उपदेश करणारे बहुधा पाप, व्यसन, चैन यांचीं नांवें आधीं घेतात. येथें मात्र आधीं नांव आलें आहे तें घरोघरच्या काळजीचें; भाकरीच्या, कर्जाच्या, मुलाबाळांच्या काळजीचें. म्हणजे आत्मिक वाढीस अडथळा करणारी वस्तु वाईटच असते असें नाहीं. पुष्कळदां ती चांगली, आवश्यक, किंबहुना कर्तव्य म्हणून अंगावर घेतलेली असते, आणि म्हणूनच ती अडथळा आहे हें ओळखूं येत नाहीं. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासांत या प्रश्नाशीं झुंजलेलीं कांहीं मोठीं माणसें होऊन गेलीं. त्यांनीं काढलेल्या वाटा एकसारख्या नाहींत, आणि प्रत्येक वाटेची किंमत कोणाला तरी मोजावी लागली आहे.

हा प्रश्न केवळ जुन्या चरित्रांतला आहे असेंहि नाहीं. पवनेच्या कांठचें पिंपळे गुरव हें एके काळीं शेतीवर जगणारें खेडें होतें. १९५४ सालीं शेजारच्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्यामागून यंत्रांचे, मोटारींचे, सुट्या भागांचे कारखाने येत गेले. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वांत आली. आज पिंपळे गुरव हें तिच्या हद्दींतील दाट वस्तीचें उपनगर आहे. पोटासाठीं या भागांत आलेल्या लोकांत नगर जिल्ह्यांतलीं, मराठवाड्यांतलीं, गोमंतकांतलीं आणि केरळांतलीं ख्रिस्ती कुटुंबेंहि आहेत. येथील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीं नसून गुरुवारीं असते. त्यामुळें रविवारची उपासना आणि रविवारची पाळी यांची गांठ ख्रिस्ती कामगाराच्या घरीं वारंवार पडते. पाळीला जावें तर उपासना चुकते. न जावें तर दिवसाची मजुरी बुडते आणि घराच्या कर्जाचा हप्ता अडतो. जो वेळ त्यांतून उरतो तो हातांतला मोबाईल खाऊन टाकतो. अशा माणसानें काय करावें? सर्व सोडून निघून जावें, कीं आहे त्या रानांत राहून काटे उपटावे?

या भूमीला हा प्रश्न नवा नाहीं. पिंपळे गुरवपासून थोड्याच कोसांवर, इंद्रायणीच्या कांठीं, देहू आहे. तुकोबांचा काळ सामान्यतः १६०८ ते १६५० असा धरला जातो. घराणें वाण्याचें, दुकानदारी आणि सावकारी हा व्यवसाय. १६३० सालीं सुरू झालेल्या दुष्काळानें दख्खन होरपळून निघालें. तुकोबांचा व्यापार बुडाला, आणि परंपरा सांगते कीं त्यांची थोरली पत्नी व मुलगा हीं त्याच आपत्तींत गेलीं. पुढें लोकांकडून येणें असलेल्या रकमांचीं खतें इंद्रायणींत बुडवावीं असा त्यांनीं निश्चय केला. या प्रसंगाचा एक तपशील चरित्रपरंपरेनें जपून ठेवला आहे, आणि तो फार मोलाचा आहे. धाकट्या कान्होबास संसार चालवावयाचा होता. म्हणून खतांचे दोन वांटे झाले. अर्धीं भावाच्या हातीं दिलीं, आणि स्वतःच्या वांट्याचीं तेवढीं तुकोबांनीं पाण्यांत सोडलीं. वैराग्याच्या ऐन भरांतहि दुसऱ्याच्या हक्काचें तें आपण टाकूं नये, हा विवेक त्या विभागणींत आहे. तरीहि प्रश्न पुरता सुटला असें म्हणतां येत नाहीं. भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतांत बसलेल्या पतीसाठीं भाकरी घेऊन चढण चढणारी जिजाई मराठी मनाला परिचित आहे. तिनें खतें बुडविलीं नव्हतीं. पण ती बुडाल्यानंतरचा संसार तिलाच ओढावा लागला. भामचंद्राच्या ज्या डोंगरावर तुकोबांनीं चिंतन केलें असें सांगतात, त्याच्या परिसरांत आज चाकणच्या औद्योगिक वसाहतीचे कारखाने उभे आहेत.

ख्रिस्ती इतिहासाच्या आरंभकाळांत याच कथेशीं जुळणारी एक कथा मिसर देशांत घडली. तिसऱ्या शतकांत तेथील अंतोनी नांवाच्या एका सधन तरुणानें चर्चमध्यें शुभवर्तमानाचें वाचन ऐकलें. पूर्ण व्हावयाचें असेल तर आहे तें विकून गरिबांना द्यावें, हा त्यांतील आदेश आपल्यालाच उद्देशून आहे असें त्याला वाटलें. आईबाप वारलेले, घरीं एक लहान बहीण. त्यानें जमीन गांवकऱ्यांना देऊन टाकली, घरांतील वस्तु विकून पैसा गरिबांना वांटला, आणि बहिणीसाठीं थोडेंसें मागें ठेवलें. पुढें उद्यांची चिंता करूं नये हें वचन ऐकल्यावर तेंहि देऊन टाकलें. पण त्यापूर्वीं बहिणीला व्रतस्थ स्त्रियांच्या स्वाधीन करून तिची सोय लावली. मग तो अरण्यांत गेला. अथनाशियस या बिशपानें चवथ्या शतकांत लिहिलेल्या त्याच्या चरित्रानें पुढील संन्यस्त ख्रिस्ती परंपरेला दिशा दिली. देहूची आणि मिसरची या दोन्ही कथांत त्याग करणारा पुरुष मोठा आहे. आणि दोन्ही कथांत त्याच्यामागें एक असें माणूस उभें आहे, कीं ज्याला त्यागाचा विचार कोणी विचारला नव्हता.

महाराष्ट्रांत हा प्रश्न निराळ्या रूपानें पुढें आला. वसईकडील कॅथलिक समाज शतकानुशतकांचा जुना आहे. परंतु देशावरच्या प्रॉटेस्टंट समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकापासून सुरू होतो. १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस आले. १८३१ सालीं त्यांचें ठाणें अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, झालें. आणि १८४२ सालीं 'ज्ञानोदय' हें पत्र निघूं लागलें. पुढें दुष्काळांच्या काळांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील पुष्कळ कुटुंबें ख्रिस्ती झालीं. त्यांतील शिकलेल्या मंडळींस शिक्षक, उपदेशक, पाळक, छापखान्यांतील कामगार अशीं कामें मिशननें दिलीं. उपाशी माणसाच्या हातीं स्वाभिमानाची भाकरी आली. तिला कोणीहि काटा म्हणणार नाहीं. परंतु त्या व्यवस्थेंतूनच एक अडचण निर्माण झाली. उपदेशकाला देवाचें बोलावणें झालें आहे कीं मिशनची नेमणूक झाली आहे, हें लोकांना आणि कधीं कधीं त्याला स्वतःलाहि कळेनासें झालें. ज्या हातानें पगार दिला त्या हाताकडेच डोळे लागून राहिले. येथें साधनेला आडवा येणारा प्रपंच चर्चच्या दाराबाहेर नव्हता. तो आंतच, धर्मकार्याच्या खर्चाच्या वहींत बसलेला होता.

पंडिता रमाबाईंच्या जीवनांत या अडथळ्याचें याहूनहि सूक्ष्म रूप दिसतें. १८५८ सालीं जन्मलेल्या या विदुषीनें १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. पुढें त्या अमेरिकेस गेल्या, विधवांच्या शिक्षणासाठीं तेथें साह्य मिळविलें, आणि १८८९ च्या मार्च महिन्यांत मुंबईस शारदा सदन उघडलें. दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास आणलें. बाहेरून पाहणाराला या जीवनांत कसली उणीव दिसणार? धर्म स्वीकारलेला, हेतु निर्मळ, कार्य थोर, कष्ट अपार. परंतु स्वतः रमाबाईंचा हिशेब वेगळा होता. आपल्या अनुभवाविषयीं त्यांनीं १९०७ सालीं जें निवेदन प्रसिद्ध केलें, त्यांत बाप्तिस्म्यानंतरच्या सुमारें आठ वर्षांकडे त्या निष्ठुरपणें पाहतात. त्या काळांत आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. धर्माचीं मतें पटलीं होतीं, ग्रंथ वाचले होते, वादांत उत्तरें देतां येत होतीं. अंतःकरण मात्र भुकेलेलें होतें. १८९१ च्या सुमारास त्यांना ही उणीव स्पष्ट दिसली आणि त्यांच्या मतें त्यांचें खरें ख्रिस्ती जीवन तेथून सुरू झालें.

या कबुलीचें मोल असें, कीं ती आळशी किंवा विलासी माणसाची नाहीं. विद्वत्ता, लोकसेवा, संस्थेचा व्याप या तिहींनीं मनुष्याचा सारा दिवस भरून जातो, आणि भरलेला दिवस हेंच भरलेलें अंतःकरण असा त्याचा समज होतो. काटा असावा आणि त्याला फूलहि यावें, तशी ही अवस्था. मग रमाबाईंनीं काय केलें? संस्था बंद केली काय? उलट त्यानंतरच त्यांचें काम कितीतरी पटींनीं वाढलें. १८९६ सालीं मध्य प्रांतांत दुष्काळ पडला तेव्हां तेथून शेकडो निराधार मुली व स्त्रिया त्यांनीं आणल्या, आणि पुण्याच्या पूर्वेस रेल्वेवरील केडगांव येथें मुक्ति सदन वसविलें. तेथील रहिवाशांची संख्या पुढें हजाराच्या वर गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, शाळा, दवाखाना असा संसार तेथें मांडला गेला. १९०५ सालीं तेथेंच जी प्रार्थनेची लाट उठली तिची वार्ता दूरदूरच्या देशांत पोंचली. याच सर्व धांवपळींत रमाबाई हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या आणि साध्या बायामाणसांना समजेल अशा मराठींत त्यांनीं बायबलाचें भाषांतर केलें. १९२१ सालीं एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. १९२२ च्या एप्रिलांत त्या स्वतः गेल्या. तोंवर हें भाषांतर त्यांच्या हातीं होतें. कामाचा व्याप कमी झाला नाहीं. त्याची जागा बदलली. जें मध्यभागीं बसलें होतें तें एका बाजूला सरलें, आणि मधली जागा प्रार्थनेला मिळाली.

कवि नारायण वामन टिळक यांनीं दुसरी वाट धरली. ६ डिसेंबर १८६१ रोजीं कोंकणांत करजगांव येथें त्यांचा जन्म झाला. मन अस्वस्थ, बुद्धि तीव्र, पाय एका ठिकाणीं न टिकणारे. घरून कोणास न सांगतां निघून जावें आणि दिवसेंदिवस पत्ता लागूं नये, असे प्रसंग त्यांच्या तरुणपणीं घरच्यांनीं सोसले. १८९३ सालीं राजनांदगांवाकडे आगगाडीनें जात असतां एका युरोपियन प्रवाशाशीं त्यांचें बोलणें झालें आणि त्यानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनानें टिळकांचें मन जिंकलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या एका दिवसानें घर दुभंगलें. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह माहेरच्या माणसांच्या आधारानें राहिल्या; कांहीं काळ पंढरपुरास होत्या. सुमारें पांच वर्षांनीं त्या पतीकडे आल्या, आणि आपल्या विचारानें, आपल्या वेळीं, १९०० सालीं ख्रिस्ती झाल्या.

अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेंत टिळकांचीं पुढील वर्षें गेलीं. धर्मशिक्षणाचें अध्यापन, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचें संपादन, कीर्तनें, आणि विशेष म्हणजे पदें व अभंग. मराठी ख्रिस्ती उपासनेला परक्या चालींतून सोडवून टाळमृदंगाच्या लयींत आणण्याचें श्रेय मुख्यतः त्यांचें. त्यांचीं गीतें मराठी चर्चांतून आजहि गायलीं जातात. देहूच्या तुकोबांचे ऋण ते उघडपणें मानीत. त्यांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलों, अशी त्यांची भावना होती. घर पाहुण्यांनीं, विद्यार्थ्यांनीं, अनाथ मुलांनीं भरलेलें असे. बालकवि ठोमरे याच घरीं राहून कांहीं काळ वाढले. पैसा हातीं आला कीं तो कोणा गरजूच्या हातीं जाई.

तरीहि टिळकांना स्वस्थता नव्हती. भारतांतील ख्रिस्ती समाज परदेशच्या पैशावर आणि परदेशच्या पद्धतीवर पोसला जात आहे, तोंवर त्याची आत्मिक वाढ खुंटलेलीच राहणार, असें त्यांना वाटे. आणि असें म्हणणारा आपण स्वतः त्याच व्यवस्थेचा पगार घेतों, हें शल्य त्यांना बोंचत राहिलें. १९१७ सालीं त्यांनीं तें उपटून टाकलें. मिशनची नोकरी सोडली, वेतन सोडलें, संन्यस्त वृत्ति स्वीकारली, आणि सातारा येथें 'देवाचा दरबार' आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी ज्यांत बंधुभावानें एकत्र येतील असा हा मेळा व्हावा, ही त्यांची कल्पना होती. वयाची पंचावन्न वर्षें उलटलेल्या, प्रतिष्ठा लाभलेल्या, समाजांत शब्दाला वजन असलेल्या माणसानें हें केलें. त्यानंतर त्यांना पुरतीं दोन वर्षेंहि मिळालीं नाहींत. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला, आणि दरबार संस्था म्हणून रुजण्यापूर्वींच आपल्या पुरुषास मुकला.

या जीवनाची दुसरी बाजू ज्या ग्रंथांत आहे, तो ग्रंथ मराठींतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणला जातो. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. लग्नाच्या वेळीं ज्यांना अक्षरओळख नव्हती, अशा बाईनें लिहिलेलें हें पुस्तक. त्यांत टिळकांविषयीं अपार प्रेम आहे आणि अपार मौजहि आहे. पण त्या मौजेच्या खालीं एक हिशेब शांतपणें चालू असतो. ज्या दिवशीं टिळकांनीं हातचें दान करून टाकलें, त्या दिवशीं चूल कशी पेटली? ज्या दिवशीं ते न सांगतां निघून गेले, त्या दिवशीं दारांत आलेल्यांना उत्तर कोणीं दिलें? पतीच्या धर्मांतराबरोबर ज्या लोकांनीं पाठ फिरविली, त्यांच्यामध्यें पांच वर्षें दिवस कोणीं काढले? लक्ष्मीबाई तक्रार करीत नाहींत, दोषहि देत नाहींत. घडलें तें सांगतात. तेवढ्यानें वाचकाला कळतें कीं एका माणसाच्या खांद्यावरून उतरलेलें ओझें नाहींसें होत नाहीं. तें बहुधा घरांतल्या दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर जातें.

म्हणून टिळकांचा त्याग लहान ठरतो असें मात्र नव्हे. पगार सोडला नसता तर त्यांच्या बोलण्याला तें तेज राहिलें नसतें, आणि स्वदेशी ख्रिस्ती उपासनेचा त्यांचा आग्रह वहीवरचाच राहिला असता. परंतु त्या त्यागाचा आंकडा पूर्ण मांडावयाचा तर त्यांत दोन नांवें लिहावीं लागतात. आणि येथें इतिहासानें एक विलक्षण गोष्ट घडविली आहे. ख्रिस्ताचें ओवीबद्ध चरित्र लिहावें म्हणून टिळकांनीं 'ख्रिस्तायन' आरंभिलें होतें. तें त्यांच्या हातून अपुरें राहिलें. तें पुढें नेलें लक्ष्मीबाईंनीं. मोठा भाग त्यांनीं रचला, आणि १९३८ सालीं, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनीं, तो ग्रंथ बाहेर आला. ज्या बाईच्या वांट्याला चूल, मुलें, दुखणीं आणि उधारी आली, तिच्याच हातानें तें ईश्वरी चरित्र पुढें सरकलें. प्रपंच हा साधनेचा शत्रूच असता तर हें घडतें ना. लक्ष्मीबाईंचे काटे टिळकांहून कमी नव्हते. मात्र त्यांनीं त्या काट्यांना आपल्या अंतःकरणांत मूळ धरूं दिलें नाहीं. त्यांचा विनोद, त्यांची निर्भयता आणि दुसऱ्याचें मूल आपलें म्हणून उचलून घेण्याची त्यांची वृत्ति, हीं त्याचीं साक्ष देतात.

टिळकांच्या दरबाराची इच्छा अगदींच वायां गेली नाहीं. त्यांचें इंग्रजी चरित्र १९२३ सालीं लिहिणारे जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकानें १९२२ सालीं अहमदनगरास ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. साधें अन्न, देशी पोषाख, भारतीय व युरोपियन यांचें एकत्र राहणें, प्रार्थना आणि सेवा, असें त्याचें स्वरूप होतें. थोड्याच वर्षांत संघाचें ठाणें पुण्यास आलें, आणि शिवाजीनगरचा आश्रम त्यांतून उभा राहिला. व्हेरिअर एल्विन भारतांत आले ते १९२७ सालीं या संघाचे सभासद म्हणूनच. येथें वैराग्याचें ओझें एकट्या कुटुंबावर पडूं नये अशी रचना होती : स्वयंपाक, झाडलोट, खर्च आणि प्रार्थना हीं सर्वांनीं वांटून घ्यावयाचीं. एकट्यानें सर्वस्व सोडलें तर त्याच्या घरावर जें येतें, तें अनेकांनीं मिळून सोडलें तर सर्वांना पेलतें, हा धडा त्या रचनेंत होता.

आतां पुन्हां पिंपळे गुरवच्या त्या कामगाराकडे वळल्यास या चरित्रांचा त्याला काय उपयोग? तो अंतोनीसारखा अरण्यांत जाऊं शकत नाहीं. टिळकांसारखा त्यानें पगार सोडला, तर दुसऱ्या महिन्यांत मुलाची शाळा सुटेल, आणि मुलाची शाळा हा त्यानें बुडवावयाचा वांटा नव्हे. देहूच्या त्या विभागणींत त्याच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर आहे : त्याग करावयाचा तो आपल्या वांट्याचा. पत्नीची विश्रांति, आईचें औषध, मुलाची फी हीं खतें दुसऱ्याच्या नांवाचीं आहेत. पण शेजाऱ्यानें घेतली म्हणून घ्यावयाची मोठी गाडी, केवळ त्या गाडीसाठीं पत्करलेली जादा पाळी, चर्चच्या कमिटींतलें मानाचें स्थान आणि त्यासाठीं होणारी भांडणें, रात्रीं डोळे मिटेपर्यंत चाललेला मोबाईल, हीं खतें खास त्याच्या स्वतःच्या नांवाचीं आहेत. तीं बुडवावयास कोणाचीहि परवानगी लागत नाहीं आणि तीं बुडाल्यानें कोणाचें ताट रिकामें होत नाहीं.

दुसरें उत्तर रमाबाईंच्या चरित्रांत आहे. कामें कमी झाल्यावर देवाकडे पाहूं, असें म्हणणाराचीं कामें कधींच कमी होत नाहींत. रमाबाईंनीं वाट पाहिली नाहीं; व्याप होता तसाच ठेवून त्यांतली मधली जागा त्यांनीं रिकामी करून घेतली. रविवारीं पाळी असलेल्या माणसालाहि हें अशक्य नाहीं. ख्रिस्ती समाजाच्या पहिल्या तीन शतकांत रविवार हा सुट्टीचा दिवस नव्हताच. रोमच्या बादशहाचा अधिकारी प्लिनी यानें इ. स. ११२ च्या सुमारास आपल्या धन्याला कळविलें होतें, कीं हे लोक ठरलेल्या दिवशीं पहाटे उजाडण्यापूर्वीं एकत्र जमतात आणि गातात. त्यांत गुलाम होते, हातकामाचे लोक होते, स्त्रिया होत्या. दिवस उजाडतांच त्यांना धन्याच्या कामावर हजर व्हावें लागे. रविवारची विश्रांति कायद्यानें मिळाली ती ३२१ सालीं, कॉन्स्टंटाइन बादशहाच्या फर्मानानें. त्यापूर्वींची तीन शतकें चर्च वाढलें तें पहाटेच्या त्या चोरलेल्या घटकांवर. आणि नवल असें, कीं राजाश्रय व सुट्टी मिळाल्यावरच, चर्चमध्यें प्रपंच फार शिरला असें म्हणून, माणसें थव्याथव्यानें मिसरच्या अरण्याकडे निघालीं. सवड मिळाल्यानें साधना वाढतेच असें नाहीं, हेंहि त्यावरून दिसून येतें.

तिसरें उत्तर लक्ष्मीबाईंचें आहे, आणि तें बहुसंख्य माणसांच्या उपयोगाचें आहे. घरांत कोणीतरी एक जण प्रार्थनेला बसूं शकतो, कारण दुसरें कोणीतरी स्वयंपाकघरांत उभें असतें. बेथानीच्या घरांतील मार्था व मरिया यांची गोष्ट पुष्कळदां मार्थेला दोष देण्यासाठीं सांगितली जाते. परंतु तिला जें सांगण्यांत आलें तें काम टाकण्याविषयीं नव्हतें. पुष्कळ गोष्टींविषयीं ती जी दगदग आणि काळजी करीत होती, तिच्याविषयीं होतें. ज्या घरीं पुरुषाची उपासना स्त्रीच्या दगदगीवर उभी राहते, त्या घरीं काटे उपटले गेलेले नसतात. ते नुसते शेजारच्या वाफ्यांत टाकलेले असतात. गुरुवारच्या सुट्टींतली एक घटका पतीनें घरकामास द्यावी आणि ती घटका पत्नीला शास्त्रवाचनास मिळावी, एवढ्या लहानशा व्यवस्थेनेंहि एका घरांत दोन माणसांची वाढ होऊं शकते.

द्रव्य, काम, मान, करमणूक यांपैकीं एकहि गोष्ट स्वभावतः देवाची वैरी नाहीं. धन्याच्या जागेवर बसलेली कोणतीहि गोष्ट मात्र वैरी होते, मग ती धर्मकार्य कां असेना. ती जागा कोणीं घेतली आहे हें पाहण्याचें धैर्य रमाबाईंनीं आठ वर्षांनीं दाखविलें, टिळकांनीं पंचावन्न वर्षांचे झाल्यावर दाखविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं रोजच्या रोज, चुलीपुढें दाखविलें. पवनेच्या आणि इंद्रायणीच्या कांठीं राहणाऱ्या माणसाच्या हातीं आज एकांताचे डोंगर उरलेले नाहींत. पण पाळी सुटल्यानंतरची एक घटका आणि आपल्या वांट्याचीं खतें त्याच्यापाशीं अजूनहि आहेत.